मदत हवी आहे: कंपनीचा विमा तांबीचा खर्च देत नाही (अमेरिका, इलिनॉय)

नमस्कार. शिकागोजवळ एका कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. दोन मुलं आहेत, तिसरं नको. मला अर्धशिशी आहे, तीही आधी डोळ्यांपुढे लखलखणाऱ्या रेषा दिसणारी, म्हणून डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या साफ बंद केल्या. इस्ट्रोजेन नसलेली गोळी आहे, पण ती रोज ठरल्या वेळी घ्यायची, बहुतेक प्रकारांत तीन तासांहून जास्त उशीर चालत नाही. दोन लहान मुलांच्या धावपळीत मला ते जमणार नाही. म्हणून तांबी बसवायची ठरवली, तर विम्याकडून उत्तर आलं: मालकांच्या धार्मिक श्रद्धेमुळे तांबी वगळली आहे, गोळ्या मिळतील. दवाखान्याने हजार डॉलरच्या वर खर्च सांगितलाय.

शोधलं तेव्हा कळलं, की नोकरीच्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च देण्याचा केंद्र सरकारचा नियम आहे, पण २०१४ मध्ये हॉबी लॉबी या हस्तकलेच्या सामानाच्या दुकानसाखळीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी अशा कौटुंबिक मालकीच्या कंपन्यांना त्यातून सूट दिली. त्यांचाही आक्षेप २० पैकी ४ साधनांनाच होता, त्यात तांबी होती. ही साधनं फलित बीज रुजू देत नाहीत आणि ते गर्भपातासारखंच, असं त्या मालकांचं म्हणणं होतं. त्यानंतर काही काळ निदान विमा कंपनीने परस्पर पैसे भरायची वाट होती. पुढे नियम बदलले, २०२० मध्ये कोर्टाने तेही मान्य केले, आणि ती वाटसुद्धा मालकाच्या मर्जीवर गेली. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी २०१४ च्या विरोधी मतात लिहिलं होतं, की किमान वेतनावरच्या बाईला तांबीचा खर्च जवळपास महिन्याच्या पगाराएवढा पडतो. ते वाचून फार वाईट वाटलं.

मालक माणूस म्हणून चांगले आहेत. धाकट्याच्या वेळी त्यांनी आठवडाभर घरी जेवण पाठवलं होतं. मीही एकादशी धरते, श्रद्धा मला कळते. पण हप्ता माझ्याही पगारातून कापला जातो. माझ्या शरीराचा निर्णय त्यांच्या श्रद्धेवर का ठरावा?

इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे विम्याने गर्भनिरोधकांचा खर्च द्यायचा असतो, पण कंपनी स्वतःच्या पैशातून दावे भागवत असेल तर राज्याचा कायदा लागत नाही म्हणे. आमची योजना कुठली, हे एचआरला कारण न सांगता कसं विचारू? नवऱ्याच्या विम्यात वर्षाच्या मध्येच जाता येतं का, की विमा बदलायच्या नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत थांबायचं? टायटल टेनच्या (कुटुंबनियोजनासाठी सरकारी अनुदान मिळणाऱ्या) क्लिनिकमध्ये उत्पन्नाप्रमाणे फी असते. दोघं कमावत असताना कुणाला सवलत मिळाली आहे का? उघड लिहायचं नसेल तर व्यनि करा. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.