बंक बेडआधी पंखा बघा
१० बाय १० च्या खोलीत दोन मुलांसाठी बंक बेड (एकावर एक असे दोन पलंग) की हायड्रॉलिक (गादीची फळी वर उचलून खालच्या बॉक्समध्ये सामान ठेवायचा पलंग), असं विचारलंय तुम्ही. बंक बेड करणार असाल तर आधी पंखा कुठे आहे ते बघा. वरच्या गादीवर मूल उभं राहिलं की हात थेट पात्यांपर्यंत जाऊ शकतो. आम्ही छताचा काढून भिंतीवरचा लावला. धाकटी ५ वर्षांची आहे ना? ६ पूर्ण होईपर्यंत तिला वर झोपवू नका, प्लीज.

हायड्रॉलिकची जड फळी मुलांनी एकट्याने उचलायची नाही, म्हणजे त्यात फक्त रजया आणि बॅगा. रोजच्या कपड्यांना, खेळण्यांना पलंगाखाली चाकांचे ड्रॉवरच बरे. समोर साधारण २ फूट जागा मोकळी सोडा. आणि सुताराला बॉक्सला हवेसाठी भोकं पाडायला सांगा, आमच्या रजयांना पावसाळ्यात बुरशी आली होती.