झिम्बाब्वेचा १०० अब्ज डॉलरचा चेक दुकानात चालायचा का?

मंडळी, मदत हवी आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी झिम्बाब्वेच्या नोटांची लेबलं करतोय, त्यात १०० अब्ज डॉलरचा अ‍ॅग्रो-चेक आहे, वापर नोटेसारखाच पण वर मुदत छापलीय, ३१ डिसेंबर २००८. आता १ ऑगस्ट २००८ला तिथे चलनातून दहा शून्यं उडवली, म्हणजे याचे उरले फक्त १० नवे डॉलर, हा हिशोब दोनदा तपासला. १०० ट्रिलियनची फेमस नोट नंतरची, जानेवारी २००९ची, तिचं लेबल झालंय. आजची किंमतही नकोय. नेटवर खूप शोधलं, सगळीकडे महागाईचे आकडेच. तेव्हा हरारे किंवा बुलावायोत राहिलेलं कोणी आहे का, ऑगस्ट ते डिसेंबर दुकानदार हा चेक १० डॉलर धरून खरंच घेत होते का?