वेताळ टेकडीवरची नाचण वेगळी प्रजाती कधी झाली?

टेकडीकर (कोथरूड):
वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांच्या नोंदी मी बरीच वर्षे ठेवतो आहे. जुन्या वहीत जिची नोंद ‘पांढऱ्या कंठाची नाचण’ अशी आहे, ती आता याद्यांमध्ये ‘ठिपकेदार नाचण’ या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून येते आणि पांढऱ्या कंठाची नाचण हिमालयाच्या बाजूची ठरली आहे. ज्यांच्यात संकर होऊन जननक्षम पिल्ले होतात ती एक प्रजाती, असे शाळेत शिकलो होतो. मग या दोघींचा संकर कोणी करून पाहिला?

पाषाणकाठ:
कोणीही नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडली, तेव्हा त्यांचा भर निसर्गात मुक्तपणे होणाऱ्या प्रजननावर होता. पिंजऱ्यात काय जमते हा मुद्दाच नव्हता. बदकांमध्ये तर भिन्न प्रजातींचे संकर रानातही होतात आणि तरी त्या प्रजाती टिकून आहेत. मात्र दोन समूह एकमेकांना भेटतच नसतील, तर भेटल्यावर काय झाले असते याचा अंदाजच करावा लागतो. त्यासाठी २०१० मध्ये गुण देण्याची एक पद्धत सुचवली गेली: रंग, मापे, आवाज, वर्तन यांतील फरकांना एक ते चार गुण द्यायचे आणि बेरीज सात झाली तर वेगळी प्रजाती मानायची. आपल्या नाचणीच्या राखाडी छातीवर पांढरे ठिपके असतात आणि पोट फिकट असते, तर हिमालयातलीचे पोटही गडद राखाडी असते; शिवाय दोघींचे आवाज वेगळे आहेत. (सातच का, हे मात्र मला आजवर पटलेले नाही.)

सह्यवाट:
सीमा पुसट असते, कारण प्रजाती बनणे ही हजारो पिढ्या चालणारी घडामोड आहे. हिवाळ्यात पुण्याच्या झाडांवर ‘च्वी’ असा आवाज काढत फिरणारा हिरवट वटवट्या पाहा. त्याचे समूह हिमालयातून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत सायबेरियापर्यंत पसरले. शेजारचे समूह एकमेकांशी मिसळतात, पण सायबेरियात जिथे दोन टोके भेटतात, तिथे गाणी इतकी बदललेली आहेत की ते एकमेकांना जोडीदार म्हणून सहसा ओळखत नाहीत. हे वर्तुळ अखंड होते असे मानले जाई. २०१४ च्या जनुकीय अभ्यासात मात्र मध्ये काही काळ ते तुटले असल्याच्या खुणा सापडल्या. आपल्या घाटात याचेच दुसरे रूप आहे: उंचावरच्या शोला वनांतल्या शोलाकिली पक्ष्यांचे समूह पालघाटच्या खिंडीमुळे दुभंगले, कारण हे पक्षी खालच्या उष्ण सपाटीवर उतरत नाहीत.

टेकडीकर:
म्हणजे पुढे प्रजाती वाढतच जाणार?

पाषाणकाठ:
तसे नाही, जोडण्याही होतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या रेडपोल या चिमण्यांसारख्या पक्ष्यांच्या तीन प्रजाती काही प्रमुख याद्यांनी २०२४ मध्ये एक केल्या. रंगरूपातला फरक बहुतांशी गुणसूत्राच्या एका उलटलेल्या तुकड्यामुळे होता, बाकी जनुकसंच जवळपास सारखाच निघाला. तुमच्या वहीतले जुने नाव खोडू नका. शेजारी ठिकाण आणि छातीवर ठिपके दिसले की नाही एवढे लिहा, म्हणजे यादी पुन्हा बदलली तरी नोंद वाया जाणार नाही.