मदत हवी आहे: एकचाकी सायकलची दोन्ही पॅडल सारखी सैल होतात

नमस्कार. माझे आजोबा (आईचे वडील) सर्कशीत सायकलीची कामं करायचे. आम्ही सांगली जिल्ह्यातले. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये मुंबईत भारतीय सर्कस उभी केली, पुढे म्हैसाळची देवल सर्कस गाजली. आमच्या भागाला तंबू नवा नाही.

आजोबांची एकचाकी माळ्यावर होती, ती दिवाळीत खाली काढली. 20 इंची चाक, कॉटर पिनेची जुनी क्रँक (पॅडलची दांडी), होडीसारखी दोन्हीकडून वर वळलेली सीट. दुकानात छर्रे बदलून घेतले, चाकाचा आउट काढला, सीट उतरवून नवं कव्हर चढवलं. तीन आठवडे बोळात भिंतींना हात लावत शिकतेय. आता पाच-सहा फेरे हात न लावता जातात.

पण पंधरा मिनिटं चालवली की दोन्ही पॅडल लुळी पडतात. काल डावं निखळलं आणि मी गुडघ्यावर आपटले. पाना लावून आवळलं, आट्यांवर टेप गुंडाळली, उपयोग नाही. क्रँक बदलावी का? आजोबांची वस्तू आहे, शक्यतो मोडीत काढायची नाही. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं गेलंय. मी सायकल घेतली की ते बोट गोल फिरवून दाखवतात. चालव म्हणतात, एवढंच आम्हाला कळतं.

प्रतिसाद:
ताई, क्रँकला हात लावू नका. आधी सीट बघा. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, म्हणून पुढे जाताना पॅडल सुटत नाही. एकचाकीचा चाक धरणारा चिमटा दोन्हीकडून सारखा, त्यामुळे तिची पुढची बाजू सीटवरूनच ठरते. कव्हर घालताना सीट उलटी बसली असेल, तर तुम्ही इतके दिवस सायकल उलट्या दिशेने चालवताय, म्हणून आटे सुटतात. पॅडलवर एल-आर कोरलेलं असतं. एल डाव्या पायाखाली हवं.

तरी पाना जवळ ठेवा. एकचाकीला फ्रीव्हील नसतं, म्हणजे चाकाबरोबर पॅडल फिरतातच; जागेवर मागेपुढे झुलताना दोन्ही दिशांनी जोर पडतो. अंगाचं वजन सीटवर टाका, पायांवर नाही. मांड्या भरून येत असतील तर हीच चूक होतेय. नजर समोर लांब. तोल गेला की सायकल सोडून द्या आणि पायांवर उतरा. गुडघ्याला पॅड हवंच.

धागाकर्ती:
एल उजव्या पायाखालीच होतं! सीट फिरवली, पॅडल आवळली, आज अर्धा तास चालवली. पॅडल जागची हलली नाहीत. मनापासून आभार.

सीट फिरवत होते तेव्हा आजोबा दारात खुर्चीवर होते. त्यांनी पुन्हा तसंच बोट गोल फिरवलं, मग सीटकडे दाखवलं आणि मान हलवली. तीन आठवडे ते हेच सांगत होते.