नॉटिलसला चौकोनी करून पाटेकनं चुकलंच का?

मंगळवारपेठ_घड्याळवेडा
गेल्या आठवड्यात गोकुळ शिरगावात कामानिमित्त आलेल्या एका पाहुण्यांच्या मनगटावर पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं क्युबिटस घड्याळ पाहिलं. स्टीलचं, हिरव्या डायलचं, ४५ मिमीचं. त्यांनी मोठ्या मनानं काढून माझ्या हातात दिलं. दोन मिनिटं खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं नि परत केलं. तेव्हापासून डोक्यातनं जाईना, म्हणून इथं लिहितोय.

मागचं थोडक्यात सांगतो. पाटेकचं नॉटिलस १९७६ चं. घड्याळांचा डिझायनर जेराल्ड जेंटा, त्यानं ते जहाजाच्या गोल खिडकीवरनं काढलं. म्हणून त्याला दोन्ही बाजूंना बिजागरीसारखे कान. डायलवर आडव्या रेघा, आणि घड्याळाच्या डबीतूनच निघाल्यासारखा पट्टा. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनं क्युबिटस आणलं, तब्बल २५ वर्षांनी नवी मालिका. हातात घेतलं तर कान तसेच, रेघा तशाच, पट्ट्याची धाटणीही तीच. तोंड तेवढं चौकोनी.

कान होते कारण खिडकी होती. खिडकीच काढली, मग बिजागऱ्या कुणासाठी ठेवल्या? नवं करायचं होतं तर मुळापासून करायचं. हे मला अर्धवट वाटतं, आणि पाटेककडनं अर्धवट काम बघायला वाईट वाटतं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
भावा, जेंटाच्याच रॉयल ओक घड्याळाचं उदाहरण घे की. १९७२ साली ओडेमार पिगे या स्विस कंपनीनं ते बाजारात आणलं. अष्टकोनी कडं, वर आठ स्क्रू उघडे, ३९ मिमी, म्हणजे त्या काळात अवाढव्य. आणि स्टीलच्या घड्याळाला ३,३०० स्विस फ्रँक! लोकांना वाटलं कंपनी बुडणार. १९९३ ला इमॅन्युएल गेनं त्याचं ऑफशोर केलं. ४२ मिमी, जाडजूड, पाणी अडवणारी रबराची गॅस्केटसुद्धा बाहेर दिसणारी. खुद्द जेंटाला ते पसंत पडलं नव्हतं. आज त्याच ऑफशोरसाठी माणसं जीव टाकतात. डोळ्याला सवय लागायला वेळ लागतो. तू क्युबिटसला दोनच मिनिटं दिलीस.

मंगळवारपेठ_घड्याळवेडा
ऑफशोरचा दाखला इथं लागू होत नाही. त्यात अष्टकोन तोच होता, आठ स्क्रू तेच होते. अंगापिंडानं दांडगं झालं, पण माणूस तोच. इथं माणूस दुसरा आणि कपडे आधीच्याचे.

उद्यमनगर_मिलिंग
मी घड्याळं घालत नाही, कामावर पट्टा अडकतो. पण धातूचं काम तीस वर्षं करतोय, तेवढंच बोलतो.

गोल वस्तू लेथवर बांधली की निम्मं काम मशीनच करतं. चौकोनाला सपाट अंगं येतात, आणि सपाट अंगावर चूक लपत नाही. बफला, म्हणजे पॉलिशच्या चाकाला, जरा जास्त दाबलं की कड मरते. एकदा मेली की परत आणता येत नाही, अख्खा थर काढावा लागतो. त्यात एक अंग ब्रश फिनिश, शेजारचं आरशासारखं, आणि मधली रेघ केसासारखी सरळ. हे चारी बाजूंना सारखं आणायचं म्हणजे हात बसलेला माणूसच पाहिजे.

पाणी अडवण्याचंही तेच. गोल गॅस्केटवर सगळीकडनं सारखा दाब बसतो. चौकोनात कोपरे त्रास देतात. पंपाची झाकणं केलेल्या कुणालाही विचारा.

मी फोटो मोठे करून बघितले. कड जिवंत आहे. आवड-नावड तुमची तुम्ही ठरवा, पण असल्या कामाला अर्धवट म्हणू नका, हे मला लागलं.

मंगळवारपेठ_घड्याळवेडा
काका, शब्द चुकला, मागे घेतो. कारागिरीबद्दल तक्रार नव्हतीच. कडेवरनं बोट फिरवलं तेव्हा अंगावर काटा आला होता, हे आधीच लिहायला पाहिजे होतं. माझं भांडण आकाराशी आहे.

सुभाषनगर_सुरेखा
कान हा शब्द वाचला म्हणून लिहिते. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला होतात. कानवाली चप्पल सगळ्यांनी बघितली असेल, तळाला दोन्ही बाजूंना चामड्याचे कान बाहेर आलेले असतात. आताच्या हलक्या लेडीज चपलेत ते कान नावापुरतेच. त्यांच्यावाचून चालताना काही अडत नाही. तरी माझ्या सासूबाई म्हणतात, कान काढलेस तर गिऱ्हाईक म्हणेल ही कुणाची चप्पल? म्हणून तळ नाजूक झाला, रंग गुलाबी आला, टाच आली, पण कान ठेवलेत. ती आमची ओळख आहे. पाटेकनं कान ठेवले त्यात मला चूक दिसत नाही. घरातलं पोर ओळखू यावं म्हणून ठेवलेत.

आणि दुसरं. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल आणली तेव्हा आपण भडकलो, ते कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आपल्याकडं आहे. इथं तर पाटेक स्वतःच्याच घरातलं बदलतंय. तेवढा हक्क कारागिराला असावा की नको?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
ताई, एक नंबर बोललात.

मंगळवारपेठ_घड्याळवेडा
सुरेखाताई, हक्क आहेच, त्यावर वाद नाही. आणि कानांबद्दल तुमचं वाचून मी रात्री परत फोटो काढून बसलो. बिजागरी म्हणून बघितलं की ते खटकतात, ओळख म्हणून बघितलं की कमी खटकतात, हे खरं आहे.

पण तुमच्याच उदाहरणावर बोलतो. तुम्ही तळ नाजूक केला, तरी पायाचाच आकार ठेवलात. नॉटिलसमध्ये तळ म्हणजे ती खिडकी. आणि ४५ मिमी मला अजूनही जड जातं. जाडी ८.३ मिमीच आहे, म्हणून ते मनगटावर लोळत नाही, बशीसारखं पसरून बसतं. कंपनीनंही २०२५ मध्ये ४० मिमीचं काढलंच ना, तेही सोन्यात. म्हणजे माप त्यांनाही बोचलं असणार.

उद्यमनगर_मिलिंग
४० चं कुणी घालून आलं तर मला फोन करा. त्याची कड बघायची आहे.