घरी केलेले टोमटे आणि निस्से : तुमचे अनुभव लिहा

उपसाला_ते_नाशिक
काल आकाशकंदील शोधताना माळ्यावरच्या खोक्यातून टोमटे (स्वीडिश लोककथांतल्या दाढीवाल्या ठेंगूची बाहुली; डेन्मार्क-नॉर्वेत त्यालाच निस्से म्हणतात) निघाला आणि स्वीडनमधलं उपसालाचं घर डोळ्यांपुढे आलं. शेजारच्या स्वीडिश आजींनी तो शिकवला होता. त्यांचं ठाम मत, टोमटे म्हणजे शेताची, गोठ्याची राखण करणारा. अंगरखा राखाडी, लाल फक्त टोपी. ख्रिसमसचा टोमटे स्वीडिश चित्रकार येन्नी न्यूस्ट्रम (१८५४-१९४६) यांच्या चित्रांमुळे आणि शुभेच्छापत्रांमुळे घरोघरी पोचला. आजींनी मला नवं कापड आणूच दिलं नाही. ज्या घराची राखण करायची त्याच घरातलं कापड हवं म्हणाल्या. म्हणून अंग नवऱ्याच्या जुन्या लोकरी पँटचं, टोपी लेकीच्या आटलेल्या स्वेटरची. दुकानातले कितीही देखणे असोत, मला हाच प्रिय. तुमचेही लिहा, फोटो असतील तर टाका.

लोकरवाली
मी मोज्याचे करते. तांदूळ भरायचे, रबरबँड, वर फेल्टचा शंकू, नाकाला लाकडी मणी. डोळे नाहीत! टोपी नाकापर्यंत ओढायची. दाढीची फर मागच्या बाजूने ब्लेडने कापा, नुसतं अस्तर. कात्रीने सरळ कापली की केस तुटतात आणि दाढी झाडूसारखी दिसते.

ठाणेकर_मावशी
मुंबईकडे तांदूळ नको गं. पावसाळ्यात पोरकिडे होतात. बहिणीने ओस्लोहून पाठवलेल्याच्या पोटातून निघाले. आता धुऊन वाळवलेली वाळू, ती पण पिशवीत शिवून.

लोकरवाली
@मावशी अरे देवा. इथल्या कोरड्या हवेत लक्षातच आलं नाही.

आरहूसची_राधिका
डेन्मार्कमध्ये कागदी निस्से! छापील कागदावरून कापायचे आणि फोटोच्या चौकटीवर, आरशावर, पुस्तकांच्या फळीवर चढवायचे. क्राव्लेनिस्से, म्हणजे चढणारे निस्से. १९४७ मध्ये पहिल्यांदा छापून आले. सुट्टीत मुलांनी आजोबांच्या हार घातलेल्या फोटोवर एक चढवला. आईने दोन दिवस काढू दिला नाही, म्हणाली बाबांना आवडलं असतं. बाकी डिसेंबरभर निस्से रात्री खोड्या करतो, म्हणजे रात्री अकराला मी करते. काल दुधाला हिरवा रंग. उद्याचं कुणी सुचवा!!

सावंतवाडी_बर्गन
सासूबाई आल्या होत्या तेव्हा २४ डिसेंबरला मुलांनी निस्सेसाठी तांदळाची लापशी ठेवली, वर लोण्याचा गोळा. गोष्ट सांगितली, की एकदा लोणी दिसलं नाही म्हणून निस्सेने चिडून गाय मारली, मग तळाशी लोणी सापडलं. सासूबाई म्हणाल्या, अगो हो आमचो राखणदारच! नारळ ठेवलो नाय तर बघ काय होता ते. मग त्यांनीच एक केला, नऊवारीच्या काठाची टोपी. दरवर्षी तोच पुढे बसतो. त्या गेल्या मार्चमध्ये गेल्या.

ठाणेकर_मावशी
🙏 टोपी जपून ठेव हो. काठाला डांबरगोळी नको, कडुनिंबाचा पाला ठेव.

टाम्पेरेकर
फिनलंडात सौनाचाही (वाफेच्या स्नानघराचा) टोन्टू असतो, म्हणजे तिथला टोमटे. शेवटची वाफ त्याच्यासाठी सोडून आपण बाहेर यायचं. आमच्या बिल्डिंगच्या सौनात कुणीतरी विणलेला ठेवलाय, कोणी हात लावत नाही.

नवीन_गोथेनबर्ग
काढायचे कधी? आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत बसून असतात.

उपसाला_ते_नाशिक
१३ जानेवारी, क्नूतचा दिवस. ख्रिसमसच्या झाडाभोवती नाचायचं, झाडावरचा खाऊ मुलांनी संपवायचा आणि झाड बाहेर. राखाडीवाला मात्र मी वर्षभर ठेवायचे.

आरहूसची_राधिका
खाण्याचं निघालंच आहे तर, भातात अख्खा बदाम लपवतो आम्ही. ज्याला मिळेल त्याला भेट. मिळालेला गालात धरून बसतो, सगळ्यांना शेवटपर्यंत खावं लागतं 😄

नवीन_गोथेनबर्ग
त्या लापशीचं प्रमाण द्या ना कुणीतरी. माझी लागते खाली.

उपसाला_ते_नाशिक
एक वाटी बुटका तांदूळ, दोन वाट्या पाणी, चिमूट मीठ. पाणी आटलं की तीन वाट्या दूध, मंद आच, झाकण. वर दालचिनी.

ठाणेकर_मावशी
आंबेमोहोर चालेल का?

उपसाला_ते_नाशिक
मी इथे तोच घेते, छान होते.