सिव्हिलचा बालरोग विभाग : खाटांच्या पलीकडे

खाटा वाढल्या म्हणजे बालरोग विभाग वाढला, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, शिवाय कर्नाटक सीमेपलीकडच्या इंडी-आळंदकडची लेकरंही येतात, तेव्हा खाटा हव्यातच. पण हे १९६३ साली सुरू झालेल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. इथे शिकणारे निवासी डॉक्टर असतात, म्हणून तर रात्री दोन वाजताही तान्ह्या बाळाला सलाईन लावणारं कुणीतरी जागं असतं. एमडीच्या, म्हणजे या निवासी डॉक्टरांच्या, जागा टिकवायच्या तर शिकवणारे प्राध्यापक भरलेले हवेत.

नवजात कक्षात तर हे फारच जाणवतं. बाळाला ऊब देणारे वॉर्मर, काविळीसाठी फोटोथेरपीचे दिवे, श्वासाला आधार देणारं सीपॅप यंत्र विकत आणता येतात. दीड किलोच्या बाळाला नळीने दूध देताना त्याचा बदललेला रंग लगेच ओळखणारी सिस्टर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तिची दुसऱ्या वॉर्डात बदली केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून!

आणखी एक. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं, की जन्मापासूनच कांगारू केअर द्या, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवा, दिवसाला ८ ते २४ तास. म्हणजे आई तिथेच हवी. विड्या वळून घर चालवणारी ओली बाळंतीण जिन्यात बसून हे कसं करणार? तिला बाळाशेजारी खाट, जेवण, स्वच्छतागृह आणि तेलुगू-कन्नडमध्ये समजावणारं माणूस लागतं. विभागाच्या पुढच्या आराखड्यात आयांच्या खाटा धरल्यात का, हे रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यागत मंडळाला लेखी विचारूया.